अकरा इंचांची व्हीलचेअर

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. मित्रांनो, स्वतःला जुनी म्हणायची मला लाज वाटते, कारण माझ्यावर आजवर एकही मूल बसलेलं नाही. वापरून जुनं होण्यात मान असतो. मी नुसती पडून पडून जुनी झाले.

माझा जन्म अंबरनाथच्या एका छोट्या कारखान्यात झाला. पाइप वाकवून माझा सांगाडा केला, वेल्डिंगचे चटके सोसले, मग निळा रंग चढला. गादीचं कापड उल्हासनगरच्या पुतळीबाईंनी शिवलं. माप पाहून त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "एवढीशी बैठक? बाहुलीला बसवताय काय?"

बाहुली नव्हती ती. तिचं नाव झरमिना, वय सात. दूरच्या एका डोंगराळ देशात ती राहत होती. तिथल्या रुग्णालयाने सव्वीस मुलांची मापं पाठवली होती. पायांत बळ नसलेल्या मुलाला खुर्ची त्याच्याच मापाची लागते. सैल झाली तर मूल एका अंगावर कलंडतं आणि पाठ वाकडी होते. झरमिनाला अकरा इंचांची बैठक हवी होती. सव्वीसजणींत सगळ्यांत लहान मीच. माल तपासण्याचं काम बेलवलीच्या अस्मिताताईंकडे होतं. त्यांनी झरमिनाच्या वजनाइतकी रेतीची गोणी माझ्यावर ठेवली, ब्रेक लावले आणि मला उतारावर उभं केलं. मी तसूभरही सरकले नाही. "शहाणी आहे गं," असं त्या म्हणाल्या. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच.

आम्ही निघायला चार दिवस उरले होते आणि त्या देशाची राजधानी बंदूकवाल्यांनी घेतली. रुग्णालय चालायचं एका श्रीमंत देशाच्या रोख मदतीवर, आमची किंमतही त्यातूनच आधी चुकती झाली होती. आता त्या पैशातून बंदूकवाले आपला वाटा उकळू लागले. तेव्हा श्रीमंत देशाने कायदा केला, की वैऱ्यांच्या ताब्यातल्या मुलखात रोख मदत जाणार नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. मुलांच्या नावाने आलेल्या पैशाची काडतुसं व्हावीत, असं कुठल्या खुर्चीला वाटेल?

आमचे मालक मुकेशशेठ उल्हासनगरचे. फोनवर निरोप वाचला न वाचला तोच ते ओरडले, "अस्मिता, एड बंद हो गया! सगळा माल पालेगावच्या गोदामात टाक, बाद में देखेंगे." अस्मिताताईंनी घाईघाईत एक कागद लिहिला, 'रोख मदत बंद. माल रोखून ठेवणे.' तो गोदामाच्या दारावर चिकटवला आणि आम्ही आत गेलो. शेठचं 'बाद में' तीन वर्षं लांबलं.

पालेगावात आमच्या चहूबाजूंनी इमारती उठल्या. संध्याकाळी शेजारच्या सोसायटीतून मुलांचा गलका यायचा, तेव्हा मला फार एकटं वाटायचं. आम्ही सव्वीसजणी होतो खऱ्या, पण प्रत्येकीवर प्लास्टिक, एकमेकींची तोंडंही दिसत नव्हती. मी आपली झरमिनाचा विचार करायचे. तिला अंगणात कोण उचलून आणत असेल? आई थकली की ती दिवसभर आतच पडून राहत असेल का?

राखणदार धोंडिबा बारवी धरणाकडच्या पाड्यावरचे. कोणी सांगितलं नव्हतं, तरी दर पंधरवड्याला ते आमच्या चाकांना तेल देत. "चाक बसून ऱ्हायलं का गंजतं," असं पुटपुटत. उतारवयात ते अक्षरं शिकले होते, म्हणून जे दिसेल ते वाचत. दारावरचा कागद तर रोज बोट ठेवून वाचायचे.

तिसऱ्या वर्षी अस्मिताताई माल पाहायला आल्या. "जय भीम, काका," म्हणत त्या आत शिरणार, तेवढ्यात धोंडिबांनी त्यांना थांबवलं.

"ताई, एक इचारू? हितं रोख बंद लिवलंय. रोख म्हंजे पैसा ना?"

"हो काका."

"मंग ही खुर्ची काय पैसा हाय? हिला कशापायी रोखली?"

अस्मिताताई दारातच उभ्या राहिल्या. अक्षर त्यांचंच होतं. मराठीत 'रोख' हा शब्द मोठा द्वाड आहे, मित्रांनो. हातातला पैसाही रोख, बोलण्याचा कलही रोख. बंदूकही रोखतात आणि वाटही रोखतात. कायद्याचा रोख होता बंदूकवाल्यांवर, आणि रोखलं गेलं आम्हाला. मदत थांबली तेव्हा श्रीमंत देशाकडून आलेलं जुनं पत्र अस्मिताताईंनी काढून पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. वस्तू थेट रुग्णालयाच्या हाती द्यायची परवानगी त्या देशाकडे मागता येत होती, अगदी पहिल्या दिवसापासून.

"तीन वर्षं कुणी विचारलंच नाही, काका," त्या म्हणाल्या. "मी पण नाही." आणि गोदामाच्या पायरीवर बसून त्या रडल्या.

मग पत्रांवर पत्रं गेली. पाच महिन्यांनी परवानगी आली, आणि त्यासोबत मुलांची नवी मापंही. झरमिना आता दहा वर्षांची होती. तिला चौदा इंच हवे होते. अस्मिताताईंनी प्रत्येक मुलाला वरच्या मापाची खुर्ची नेमून दिली आणि सगळ्यांत मोठ्यासाठी एक नवी बनवून घेतली. मी वाट पाहत होते, की एखादं नवं, लहानसं नाव माझ्यासाठी निघेल. निघालं नाही. लहान मुलांना तपासून त्यांची नावं लिहिणाऱ्या बाईंचा पगार रोख मदतीतून व्हायचा. तो थांबला तशी यादीही थांबली होती. तशी मुलं तिथे आजही असतील, पण त्यांची मापं कोणी घेतलेली नाहीत.

परवा गाडी भरली. धोंडिबांनी एकेकीला हात लावून निरोप दिला. शेठ मला पाहून म्हणाले, "ही राहिली? अरे, इधर ही किसी बच्चे को दे दो ना!" अस्मिताताई तेव्हापासून बेलवलीत विचारताहेत, धोंडिबा पाड्यांवर.

मित्रांनो, पैसा वाईट हातांत पडत असेल तर तो जरूर रोखा. पण दाराला कुलूप लावण्याआधी आत काय काय कोंडलं जातंय ते बघा, आणि त्या कुलपाची मधूनमधून चौकशी करा. झरमिनाला आता खुर्ची मिळेल, मला आनंद आहे. तरी खरं सांगते, ती माझी होती. आता तुमच्या ओळखीत अकरा इंचांचं कोणी असेल, तर पालेगावात धोंडिबांना येऊन सांगा. थोडं लवकर या. मुलं वाढतात.