पुलापलीकडची जाऊ

जावा-जावा, उभा दावा असं म्हणतात, पण थोरलीचा दावा बराच काळ निजूनच होता. धाकटी संग्रहालयात कामाला लागली आणि तो खडबडून जागा झाला. बरं, तिला तिथे लावली कुणी? थोरलीनेच. नवी पोर दिवसभर घरात बसून काय करणार, असं म्हणत तिनेच संचालकांकडे शब्द टाकला होता. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

संग्रहालय नदीकाठच्या जुन्या जकातघरात होतं. चौकाच्या एका अंगाला लांबट दालन, आणि त्यात धाडसी निर्णय घेणाऱ्यांच्या गोष्टी. माघारीचा मोह नको म्हणून स्वतःचीच गलबतं जाळणारा दर्यासारंग होता, दुष्काळात शत्रूच्या प्रजेलाही कोठार उघडून देणारा प्रधान होता. पण लोक यायचे ते पूल तोडणाऱ्या राणीसाठी. शत्रू पलीकडच्या तीराला येऊन भिडलेला, आणि राणीची धाकटी जाऊ जखमींची शुश्रूषा करायला त्याच तीरावर गेलेली. थांबावं तर शत्रू पुलावरून आत येणार, तोडावा तर जाऊ तिकडेच राहणार. राणीने पूल तोडला आणि नगर वाचलं. काचेखाली तो सगळा देखावा लाकडात कोरून ठेवला होता, अगदी पलीकडची इवलीशी जाऊसुद्धा.

थोरली ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आली होती. सन, सैन्य, पुलाची लांबी, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "राणीने क्षणभरही विचार केला नाही, कारण तिच्या डोळ्यांसमोर फक्त नगर होतं." लोक माना डोलवायचे, एखादा घड्याळही बघायचा.

धाकटी मात्र पलीकडच्या तीराशी जाऊन उभी राहायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "जाऊ हात हलवत होती. तिला वाटलं, आपल्याला बोलावताहेत." की लगेच लोकांचे रुमाल बाहेर.

"कुठल्या कागदात आहे गं हे हात हलवणं?" थोरलीने एकदा विचारलंच.

"कागदात नाही हो जाऊबाई. पण हलवला असेलच ना? आपण नसता हलवला?"

लोक आता दारातच विचारू लागले, "त्या दुसऱ्या बाई नाहीत का आज?" घरी तर कहरच. थोरलीच्या ज्या नवऱ्याने तिची गोष्ट कधी अर्धीही ऐकली नव्हती, तो जेवताना धाकटीला म्हणाला, "ते हात हलवण्याचं सांग की पुन्हा." थोरलीच्या हातातला डाव भांड्यावर जरा जोरातच आपटला. ती जळत होती. आपण जळतोय हे तिला कळत होतं, आणि कळल्याने आग काही विझत नव्हती.

त्यात संचालकांनी नवं काढलं. यापुढे राणीची गोष्ट यंत्रातून ऐकू येणार. एकच आवाज, कायमचा. दोघींनी सांगायची, दोन्ही ध्वनिमुद्रणं करायची, आणि जी उजवी ठरेल तिचा आवाज ठेवायचा. दालनही तिच्याच ताब्यात. दुसरी चौकापलीकडे तिकीट खिडकीवर बसणार. निकाल काय लागणार हे शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

दालनाचा एक नियम होता, आणि तो थोरलीनेच घातलेला. घंटा झाली की दाराला आतून कडी. गोष्ट अंधारात, फक्त देखाव्यावरच्या दिव्यात सांगायची. मधेच कुणी दार उघडलं की उजेड शिरतो आणि रंगाचा बेरंग होतो. एकदा उशीर झाला म्हणून खुद्द संचालकसाहेब बाहेर ताटकळले होते.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी थोरलीचा घसा बसला. माणसं बाकांवर जमली होती, ध्वनिमुद्रक कानांवर यंत्र चढवून तयार होता. पहिली पाळी धाकटीची.

"घंटेला अवकाश आहे," धाकटी म्हणाली. "तुमच्यासाठी गरम पाणी घेऊन येते. असल्या घशाने कशा सांगाल?"

आणि ती चहाच्या खोलीकडे पळाली.

शिपायाने घंटा दिली तेव्हा थोरली दाराशीच होती. अर्धवट लोटलेल्या दारातून तिला धाकटी दिसली. काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून, सांडू नये म्हणून पाऊल मोजून टाकत ती चौकातून येत होती. हाक मारली असती तर धावत आली असती. दार नुसतं धरून ठेवलं असतं तरी पुरलं असतं. तेवढ्यात धाकटीने मान वर केली आणि तिच्याकडे बघून हसली.

थोरलीने दार ओढून कडी लावली.

"एक बाई कमी दिसताहेत," संचालक म्हणाले.

"घंटा झाली साहेब. नियम तो नियम."

"मग तुम्हीच करा सुरुवात."

तिने सुरुवात केली. सन झाला, सैन्य झालं, पुलाची लांबी झाली. "राणीने क्षणभरही..." एवढं ती बोलली, आणि दारावर टकटक झाली. हलकेच, दोनदा. मग काहीच नाही.

ठरलेलं वाक्य तिच्या तोंडातून निघेना.

"राणीने विचार केला," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "तिने पलीकडे पाहिलं. जाऊ येत होती. सावकाश येत होती, कारण तिच्या हातांत काहीतरी होतं आणि ते तिला सांडू द्यायचं नव्हतं. राणीला थांबता आलं असतं. तेवढा वेळ होता. पण त्या जावेवर सगळं नगर जीव टाकत होतं, आणि राणीला ते पाहवत नव्हतं. तिने आधी पूल तोडला. नगराचं कारण तिला नंतर सापडलं."

रुमाल कुणीच काढला नाही.

"आता दुसरं ऐकायची गरज नाही," संचालक म्हणाले.

"मधली टकटक काढून टाकू?" ध्वनिमुद्रकाने विचारलं.

"हात लावू नका तिला. पलीकडून कुणीतरी विचारतंय असं वाटतं."

दार उघडलं. धाकटी पेला घेऊन तशीच उभी होती.

"पाणी निवलं, जाऊबाई," ती म्हणाली.

थोरलीने पेला घेतला आणि उभ्या-उभ्या सगळं पाणी पिऊन टाकलं. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

"बाहेरून ऐकलं मी. छान सांगितलीत." धाकटीने रिकामा पेला परत घेतला. "त्या जावेच्या हातांत काय होतं हो?"



आता दालन थोरलीचं आहे. यंत्र दिवसभर तिच्या आवाजात बोलतं. अंधार करावा लागत नाही, म्हणून कडीही काढून टाकली आहे. टकटक झाली की लोक दचकून दाराकडे वळतात, आणि दर वेळी थोरलीही वळते. दार सताड उघडं असतं. चौकापलीकडच्या खिडकीत धाकटी तिकिटं फाडत बसलेली दिसते. नजरानजर झाली की ती हात हलवते.