जमिनीवर चाललेली गिरकी

आभाळात उलटं लटकणाऱ्या बाईचं लोकांना भारी कौतुक. तिची मान काय म्हणते, ते कुणी विचारत नाही. लुंबिनीची मान गेली काही वर्षं रोज कुरकुरत होती आणि लुंबिनी रोज तिला गप्प बसवत होती.

विमानाच्या कसरती करण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. देशभर हिंडून झालं, आणि आता कुठे लातूरच्या धावपट्टीवर खेळ ठरला; उद्या नांदेडला. उदगीरहून अख्खी भावकी टेम्पो करून आली होती. आई, धुरपताबाई, नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे. पण काल सरावात गिरकीसाठी सूर मारून विमान वर खेचताना लुंबिनीच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पूर्वीही यायची, लगेच जायची. काल ती जाता जाईना. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि आज तीच गिरकी जमिनीच्या फार जवळून घ्यायची होती.

उड्डाणाआधी हे वैमानिक सगळा खेळ जमिनीवर चालून बघतात. हाताचा पंजा म्हणजे विमान. डोळे मिटायचे, वळायचं, वाकायचं. बघणाऱ्याला वाटावं, बाईच्या अंगात आलंय. लुंबिनीने दोन-तीनदा खेळ चालून डोळे उघडले तेव्हा आई शेजारी उभी होती. जोडीची तरुण वैमानिक मुबश्शिरा तिथेच आपल्या विमानाची काच पुसत होती.

"हात वर नेताना तू मधीच थांबून राहिलीस," आई म्हणाली. "दर बारीला तिथंच. काय हाय तिथं?"

आपण थांबतो हे लुंबिनीला ठाऊकच नव्हतं. अंगाने परस्पर चुगली केली होती. खोटं बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"तिथं मला दिसत न्हाई, माय."

मुबश्शिराचा हात थांबला. "ताई, आज मी जाते," ती हळूच म्हणाली. "आणि उद्याही."

लुंबिनीने होकार दिला. इतक्या वर्षांचं काम एवढ्यात संपलं आणि तिला रडूही आलं नाही. नुसतं खाली बसावंसं वाटलं. ती स्वतःच्या विमानाच्या चाकाशी बसली.

"माय, लोकांना सांग, माझं विमान बिघडलं."

"चांगल्या विमानाला कशाला नाव ठिवू?" धुरपताबाईनं पदर खोचला. "लेक दमली म्हणून सांगते. 'दमले' असं मला जल्मात कुणापुढं म्हणता आलं न्हाई. तुझ्या नावानं तरी म्हणून बघते."

आणि ती गर्दीकडे चालू लागली.