अर्धी ओळ श्रोत्यांची

मालनताई कीर्तनाला उभ्या राहिल्या की पार्ल्याच्या त्या लहानशा देवळात चप्पल काढायला जागा उरत नसे. तीस वर्षं त्या नारदाच्या गादीवर उभ्या राहत आल्या. शब्दानं त्यांना कधी दगा दिला नव्हता. दिला तो गेल्या दिवाळीत, चार वर्षांच्या नातीपुढे.

मुलगा सुबोध स्पेनमध्ये, सून तिकडचीच. आजीनं हात पुढे केले तशी गार्गीनं भोकाड पसरलं, आणि आठ दिवस पोर आईच्या कडेवरून उतरली नाही. तिला मराठी येईना, आजीला स्पॅनिश. आता मे महिन्यात सुबोध तिला एकटाच घेऊन येणार होता. तो दिवसभर कंपनीच्या साकीनाक्याच्या ऑफिसात, म्हणजे पोरीचं उठणं-न्हाणं सगळं आजीकडे.

"या खेपेलाही रडलीच ना, तर ती माझी व्हायची नाही हो," मालनताई नवऱ्याला, दशरथरावांना म्हणाल्या. आणि त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या रुचिराला शिकवणीला बोलावलं. ती कॉलेजात स्पॅनिश शिकवायची.

"काकू, लेवांतो म्हणजे मी उठवते. मे लेवांतो म्हणजे मी उठते."

"अगं, उठते म्हटलं की मीच उठले ना? हे 'मे' कशाला मध्ये लुडबुडतंय?"

रुचिरानं कपाळ चोळलं. मग तिची नजर देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावर गेली. "सकाळपासून याचं काय काय करता?"

"उठवते, आंघोळ घालते, कपडे घालते, रात्री निजवते."

"तिथे 'मे' नको. करता तुम्ही, होतं ते देवाचं. तेच स्वतःचं केलंत, की 'मे' लावायचं. मे लेवांतो, मे बान्यो, मे बिस्तो, मे आकुएस्तो."

"असं सांग ना बाई! उगाच व्याकरण घेऊन बसलीस."

दुसऱ्या दिवसापासून पूजा स्पॅनिशमध्ये सुरू झाली. दशरथराव कीर्तनात पेटीची साथ करायचे. ते दारात उभं राहून ऐकत. "अगो, बाळकृष्णाक तरी कळता काय ह्यां?"

"त्याला सगळ्या भाषा कळतात. तुम्ही पेटी पुसा."

एकच खोड जाईना. "मे लावो ला..." म्हणून मालनताई थांबत, हात उंच करत आणि कान पुढे करत.

"काकू, कारा! चेहरा! मे लावो ला कारा, मी चेहरा धुते. वाक्य पुरं करा की. इथे कोण श्रोते बसलेत?"

"सवय गं. अर्धी ओळ त्यांना दिली नाही तर मागच्या रांगेतले पेंगतात."

"यार काकू, त्या पोरीसमोर असं अर्धवट बोललात तर वाट लागेल."

गार्गी आली. पहिल्या सकाळी सुबोध ऑफिसला गेला आणि दार बंद झाल्याबरोबर पोरीचा ओठ थरथरला. मालनताईंनी तिला न्हाणीघरापाशी नेलं आणि पाठ केलेली वाक्यं एकामागून एक म्हटली. एकही चुकलं नाही. पोर भिंतीला चिकटून मुसमुसत राहिली. सगळं बरोबर येऊनही पुन्हा तेच?

त्या बादलीपाशी बसल्या. ओंजळभर पाणी स्वतःच्याच तोंडावर मारलं, आणि कसलंही भान नसताना, देवळात तीस वर्षं जसं होत आलं तसंच झालं. "मे लावो ला..." सूर चढला, हात वर गेला, कान पुढे झाला.

नळाचा एक थेंब पडला.

"...कारा!" भिंतीपासून बारीक आवाज आला.

मालनताईंनी डोळे मिटून मान डोलावली, मंदिरात एखादा श्रोता नेमका सुरात लागला की डोलावत तशी. "मे लावो लास..."

"मानोस!" आता पोरीचे दोन्ही हात बादलीत होते आणि फरशीवर तळं झालं होतं. बाहेर दशरथरावांनी पेटीवर हलकेच सूर धरला.

मग गार्गीनं हात वर केला. ओला, लालसर पंजा. "मे लावो लोस..." आणि आजीकडे कान करून थांबली.

मालनताईंना शब्दच येईना. रुचिरानं तो शिकवलाच नव्हता. श्रोत्यांच्या बाजूला बसून अडायची ही त्यांची पहिलीच वेळ.

गार्गीनं वाट पाहिली. मग वाकून आजीच्या पावलांवर पाणी ओतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "पिएस!"

"पिएस," आजी म्हणाल्या. आवाज जरा ओलाच निघाला.

"ओत्रा बेस," नातीनं फर्मावलं. पुन्हा.