बोली घरातच बसली

मित्रांनो, मी एक जुना अॅकॉर्डियन आहे. कायद्यानं विचाराल तर मी हैदरभाईंच्या मालकीचा, कारण लिलावात माझी बोली त्यांच्या नावावर बसली. राहतो मात्र रंभाजींच्या घरात, बेलापूरला, त्यांच्या बायकोच्या, आक्काबाईंच्या शिवणयंत्राशेजारी. असं कसं, म्हणाल. ऐका तर मग. सुरुवातीला तुम्हाला हसू येईल. येऊ द्या, मी रागावणार नाही.

माझा जन्म जर्मनीतला. लाकडाची चौकट, पुठ्ठ्याच्या घड्या घालून केलेला भाता, घड्यांच्या कोपऱ्यांना मऊ कातडं आणि पोटात शेकड्यांनी पोलादी सूर. कारागिरानं मला पहिल्यांदा छातीशी धरून ओढलं तेव्हा जो आवाज निघाला, त्यावर मी स्वतःच खूश झालो होतो. मग एका लष्करी साहेबाबरोबर बोटीतून नगरच्या छावणीत आलो. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं मला रंभाजींच्या वडिलांच्या हाती दिलं. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. त्यांच्या मागं मी रंभाजींकडे आलो.

रंभाजी भीमगीतं गायचे. नुसती गायचे नाहीत, स्वतः बांधायचे. कागदावर एक ओळ नाही, सगळं तोंडपाठ. लोक मला 'गळ्यातली पेटी' म्हणत. हार्मोनियमला मांडी लागते, मला छाती लागते. रंभाजी गाण्याआधी श्वास घ्यायचे तेव्हा त्यांच्या बरगड्या माझ्या पाठीला टेकायच्या, आणि आता कोणतं गाणं येणार ते मला आधीच समजायचं. शेजारी हैदरभाई ढोलकीवर. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, कोपरगाव, जयंतीच्या दिवसांत आमचा पाय घरात ठरत नसे. ट्रकच्या हौद्यात सतरंजी टाकून गाणं व्हायचं आणि पहाटे बायका आम्हाला भाकरी बांधून द्यायच्या. काय दिवस होते! मला वाटायचं, हे असंच चालायचं.

मग विजेवरचे कीबोर्ड आले. एक बटण दाबलं की ढोलकी आपोआप वाजते म्हटल्यावर हैदरभाई वैतागले आणि नोकरीला मस्कतला निघून गेले. मला पेटाऱ्यात ठेवलं. तिथं उंदरानं माझ्या भात्याचा कोपरा कुरतडला. दरवेळी झाकण उघडलं की मला वाटे, आता काढतील. पण आक्काबाई गोधडी काढून झाकण लावत. हैदरभाई परत आले तेव्हा त्यांनी जुन्या ढोलकीचं कातडं कापून माझ्या कोपऱ्याला डकवलं आणि म्हणाले, "रंभाजी, याला असं टाकू नको रे. वाजतं ठेव."

मी पुन्हा वाजता झालो, आणि नेमका तेव्हाच रंभाजींचा आवाज बसला.

सगळ्यांनी सांगितलं, घसा बसलाय, हळद-दूध घे, ज्येष्ठमध चघळ. रंभाजींनी महिनोन्महिने तेच केलं. माझ्या भात्याला भोक पडलं ते हैदरभाईंनी आल्या आल्या बुजवलं, पण माणसाच्या गळ्याकडे कुणी बॅटरी धरून पाहिलं नाही. अखेर पुण्याच्या डॉक्टरांनी पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. आत्ताच काढली तर आवाज वाचेल, उशीर केला तर स्वरयंत्रच काढावं लागेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ऑपरेशनाचा खर्च घराच्या आवाक्याबाहेरचा होता.

हे साल एकोणीसशे नव्याण्णवचं. रंभाजींचा मुलगा सम्राट नगरला सावेडीत कॉम्प्युटरचा कोर्स करत होता आणि तिथल्याच एका इंटरनेटच्या दुकानात बसायचा. त्यानं तिथं पाहिलं की परदेशातले लोक माझ्यासारख्या जुन्या वाद्यांचा लिलाव कॉम्प्युटरवरच करतात आणि चांगली किंमत मोजतात. तो घरी येऊन बोलला तेव्हा आक्काबाई रडल्या. रंभाजी माझ्याकडे बघतच राहिले. मी काय सांगू? मला विकून त्यांचा गळा वाचणार होता, आणि वाचलेला गळा माझ्याशिवाय गाणार होता. तरी मी मनातल्या मनात म्हटलं, विका. खरंच म्हटलं.

पण त्या लिलावाचा नियम कडक होता. विकणाऱ्यानं बँकेचं कार्ड नोंदवायचं, म्हणजे दलाली त्यातून आपोआप कापली जाते. घेणाऱ्यानंही कार्ड नोंदवायचं, म्हणजे बोली बसल्याबरोबर पैसे आपोआप कापले जातात. नंतर देतो, उद्या पाहू, ही भानगडच नाही. आमच्या घरात कार्ड कुठलं? ते हैदरभाईंकडे होतं, मस्कतच्या बँकेचं. त्यांची सगळी कमाई तिथंच पडून होती. त्यांनी खिशातून काढून सम्राटच्या हातावर ठेवलं. "घाल नंबर. आणि पेटी नाहीच गेली, तर हे पैसे ऑपरेशनाला घे. वहिनी, काळजी करू नका."

बघा, दोन दारं उघडी होती. त्यामुळे सगळे निर्धास्त होते.

शेवटच्या दिवशी सगळे सावेडीच्या त्या दुकानात जमले. मलाही नेलं होतं, विक्री झाली की तिथूनच बांधून पाठवायला. आक्काबाईंचा धाकटा भाऊ भीमा तिसगावाहून आला होता. तो बकऱ्यांचा दलाल. बोलका, मायाळू, दाजींसाठी जीव टाकणारा. आता भीमाच्या बाजाराची रीत अशी, की माल विकताना आपलाच एक माणूस गिऱ्हाईक म्हणून उभा करायचा. त्यानं भाव चढवायचा, म्हणजे खरं गिऱ्हाईक इरेला पडतं. चुकून बोली आपल्याच माणसावर बसली, तर तो हात झटकून म्हणतो, जाऊ द्या राव, नको मला. सगळे हसतात, चहा होतो, बकरं पुन्हा उभं राहतं. त्यात कुणाला पाप वाटत नाही.

कॉम्प्युटरवर एका जर्मन बाईची बोली सगळ्यात वर होती. सम्राटनं रुपयांत हिशेब करून सांगितलं, "बाबा, भागतंय! ऑपरेशन, औषधं, सगळं भागतंय."

"आरं थांब," भीमा म्हणाला. "पहिल्या भावाला कुनी बकरू तरी देतं का? बाईला पेटी लई आवडलीय, दिसतंयच की. हैदरभाईंच्या नावानं एक बोली टाक वर. ती चढती का न्हाई बघ."

सम्राट कचरला. "मामा, इथं माघार नाही. बोली आपल्यावर बसली तर पैसे आपोआप जातील. कुणाला विचारणारसुद्धा नाहीत."

"आपोआप कसं जात्याल? मान्सं हायेत ना तिकडं कुनीतरी? सांगू त्यास्नी, चुकलं म्हनून. दाजी, तुमी बोला. तुमच्या बापाची पेटी हाय."

ते शेवटचं वाक्य लागलं, मित्रांनो. पैसे पुरेसे होते, रंभाजींना लोभ नव्हता. पण वडिलांची पेटी पहिल्या भावाला गेली हे त्यांच्या जिवाला लागलं असतं. त्यांनी हैदरभाईंकडे पाहिलं. हैदरभाई हसून म्हणाले, "टाक रे. मी काय परका आहे?" मग रंभाजींनी सम्राटला मानेनं हो म्हटलं. मी तिथंच टेबलाखाली होतो. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो.

सम्राटनं हैदरभाईंच्या नावानं नवं खातं उघडलं, तेच कार्ड घातलं आणि बोली टाकली. जर्मन बाई चढली. भीमानं मांडीवर थाप मारली, "बघा! म्हनलं न्हवतं?" पुन्हा बोली टाकली. आता सगळे कॉम्प्युटरच्या पडद्याकडे टक लावून बसले. बाई येईना. दुकानातला पंखा फिरत होता. सम्राट सारखं पान ताजं करून पाहत होता. बाई आलीच नाही. वेळ संपली आणि पडद्यावर अभिनंदनाचा संदेश आला. मी हैदरभाईंना विकला गेलो होतो.

"सांग त्यास्नी, आमाला नको," भीमा म्हणाला.

"कुणाला सांगू मामा?" सम्राटचा आवाज रडवेला झाला होता. "पैसे कापले गेले. चाचांचं खातं रिकामं झालं."

आणि पुढचं ऐका. विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं कार्ड एकच, हे त्या यंत्राच्या लक्षात आलं. त्यानं दोन्ही खाती गोठवली. पैसे हैदरभाईंच्या बँकेतून गेले होते आणि रंभाजींच्या नावावर आले नव्हते. मधेच कुठंतरी अडकले. सम्राटनं जर्मन बाईला लिहिलं, तर तिनं दुसरीच पेटी घेतली होती. कंपनीला पत्रांवर पत्रं पाठवली. माणूस आजारी आहे, ऑपरेशन आहे, चूक झाली, माफ करा. प्रत्येक पत्राला तेच इंग्रजी उत्तर यायचं, आपला विषय तपासात आहे. तिकडं माणूसच नव्हता, तर भीमा कुणाचा हात धरणार आणि कुणाला चहा पाजणार?

पेटीची किंमतही गेली आणि हैदरभाईंचा आधारही गेला. दोन्ही दारं एकाच बोलीनं बंद झाली. भीमानं बकरी विकून थोडं आणून दिलं. आमच्या वस्तीतल्या, भीमनगरातल्या पोरांनी वर्गणी काढली. पण ते सगळं मिळून निम्म्याच्या आत होतं. पावसाळा गेला. रंभाजींची कुजबुजही ऐकू येईनाशी झाली. दिवाळीच्या सुमारास ते अडकलेले पैसे दोन्हीकडची दलाली कापून एकदाचे मोकळे झाले. हैदरभाईंनी ते मोजलेसुद्धा नाहीत, तसेच दवाखान्यात भरले.

डॉक्टरांनी तपासलं आणि आक्काबाईंना बाहेर बोलावलं. उशीर झाला होता. रंभाजी वाचले, पण स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते गळ्याला केलेल्या भोकातून श्वास घेतात. त्यावर आक्काबाई पांढरा रुमाल बांधतात.

भीमा नंतर एकदाच आला. उंबऱ्यातच बसला. "दाजी, मला चपलेनं मारा," म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. रंभाजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना बोलता येत असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं, मला माहीत आहे. मान मीच हलवली होती, असंच म्हटलं असतं. पण भीमाला ते ऐकू आलं नाही, आणि तो तसाच गेला.

हैदरभाईंना सम्राट म्हणाला, "चाचा, पेटी तुमची झालीय. घेऊन जा." ते चिडलेच त्याच्यावर. "माझी आहे ना? मग मी सांगतो, ती इथंच राहील. गप्प बस."

मित्रांनो, माझी काही मोठी मागणी नाही. घरात एखादं वाद्य असेल तर त्याला उन्हात टाकू नका, ओलीत ठेवू नका, अधूनमधून वाजवा. आणि घरातल्या माणसाचा आवाज बसला तर हळद-दुधावर भागवू नका. वेळीच दाखवा. यंत्राशी व्यवहार करताना ते आपल्या बाजारातलं माणूस आहे असं समजू नका. त्याला दया येत नाही, आणि आपली चूक त्याला चूक म्हणून दिसतच नाही. एवढं ऐकलंत तरी माझ्या नशिबाचं काही सार्थक झालं असं मी समजेन.

हल्ली मला काम आहे. रंभाजींना पाणी हवं असलं की ते मला मांडीवर घेतात आणि एक पट्टी दाबतात. आक्काबाईंना बोलवायचं असेल तर दोन. शंभर गाण्यांना साथ केली मी, आणि आता पाणी मागतो. चालायचंच, त्यांच्या उपयोगी पडतो हे काय कमी आहे?

परवा संध्याकाळी त्यांनी मला मांडीवर नाही, छातीशी घेतलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या बरगड्या माझ्या पाठीला टेकल्या. त्यांनी एक पट्टी दाबली आणि धरून ठेवली. आक्काबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. रंभाजींनी नको अशी मान हलवली. आक्काबाईंनी पंखा लावला, उशी सरकवली, पाठ चोळून दिली. "काय हवंय हो? कळंना मला," त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. रंभाजी डोळे मिटून मान हलवत राहिले. त्यांना काहीही नको होतं. ते गात होते.