पाखरं गेली

ताम्हिणीच्या घाटातली पाखरं आपणच घालवली, असं भैरूच्या मनानं घेतलं होतं. पंधरा वर्षं रस्त्याच्या कामावर सुरुंग उडवणारा माणूस तो. यंदा, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सकाळी दारात बसलं की रान कापसात गुंडाळल्यासारखं वाटे. धुकं दरीतून वर येई, पानं हलत, ऊन सांडे, आणि सगळं मुकं. ना शिंजीर, ना शीळ घालणारा कस्तुर. एक भारद्वाज तेवढा लांबून घुमायचा.

झोपेत मात्र पाखरं परत यायची, अख्खी दरी किलबिलायची. जाग आली की त्याला रडू फुटे. ज्यानं डोंगर फोडला त्याच्या दारात ती कशाला येतील? मन चिंती ते वैरी न चिंती! हे पाप त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

शेवटी एकदा तरी पाखरू ऐकावं म्हणून तो कासार आंबोलीला थोरल्या बहिणीकडे गेला. तिथं कधी बार उडाला नव्हता. अंगणातल्या आंब्याखाली बसला, तर तिथंही तेच.

"अक्का, हितली पाखरं बी गेली?"

साठीची तुळजाबाई म्हणाली, "दोन सालं झाली की. आपले आबा बी म्हातारपणी हेच म्हनायचे, पाखरं गेली म्हनून."

तिची सून जया तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अवो मामा, ह्या आंब्यावरच शिंजीर भांडत्यात! कान गेलेत तुमचे. तुमच्या घराण्यातच हाय ते. ह्या आत्याबाईंचे साठीला गेले. तुमी वर सुरुंग उडवले, मंजी दुष्काळात तेरावा महिना. तुमचे आदीच गेले."

भैरूनं वर पाहिलं. फांदीवर एवढंसं जांभळं पाखरू, चोच उघडी, गळा थरथरत होता.

"मंजी हायेत!"

"हायेत की."

"ताम्हिणीत बी?"

"तितं तर लई."

भैरूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. जयाला वाटलं, मामा खचले. तो तर हसत होता. इतका हलका तो कित्येक महिन्यांत झाला नव्हता. तुळजाबाई मात्र खरंच रडत होती. भैरूनं तिचा हात धरला.

"रडू नगं, अक्का. ती कुटं गेली न्हाईत. आपुनच लांब आलोय."