डावा डोळा आधी

या, आत या. माझं दार उघडंच असतं, मुद्दाम ठेवलंय तसं. मी एक जुना संगणक बोलतोय, चष्म्याच्या दुकानातला. माझ्या पोटातली गिऱ्हाइकं खोटी, त्यांचे नंबर खोटे, पत्तेही खोटे. पिंजऱ्यात उंदरासाठी खाऊचा तुकडा अडकवतात ना, तो तुकडा म्हणजे मी.

जन्मापासून काही मी असा नव्हतो. दुकानाच्या मागे भिंगं घासायची खोली होती. तिथे भिंगकाका बसत. खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, कुणास ठाऊक. माझी जागा त्यांच्या टेबलाशेजारी. काका आधी हात पुसायचे, मग चष्मा पुसायचे आणि मगच माझ्या बटणांना बोट लावायचे. एवढा मान मला पुढे कुणी दिला नाही.

आमच्या दुकानाची एक रीत होती. साऱ्या जगात चष्म्याचा नंबर लिहिताना उजवा डोळा आधी, डावा नंतर. आमच्याकडे उलटं. दुकान काढलं ते थोरल्या मालकांनी, आणि त्यांचा उजवा डोळा लहानपणीच गेला होता. ते म्हणायचे, "जो चालतो त्याला आधी विचारावं. बंद पडलेल्याचं मागाहून बघू." तेव्हापासून डावा आधी.

काका नंबराखाली स्वतःचा शेरा लिहीत. 'डॉक्टरांनी दिलाय त्यापेक्षा पाव नंबर कमी द्या, या बाई दिवसभर जिने उतरतात.' 'नाक बसकं आहे, फ्रेम घसरते. साहेबांना मान्य नाही, तरी घट्ट करा.' असे तीनशे बारा गिऱ्हाइकांचे शेरे. डॉक्टर डोळा तपासायचे, काका माणूस.

थोरले मालक गेले. त्यांच्या लेकीने दुकान हाती घेतलं. बाई कष्टाळू, पण घाईची. भिंगं आपोआप कापणारं यंत्र आलं. एका मंगळवारी मालकीण काकांना म्हणाल्या, "काका, उद्यापासून आराम करा." एवढंच. काकांच्या खुर्चीवर पार्सलं ठेवायला लागले. माझं पोट रिकामं करून शेरे नव्या संगणकात गेले, काका घरी गेले आणि मी माळ्यावर.

दोन वर्षं अंगावर जुनी चादर घेऊन होतो. माळ्यावरचा पंखा आणि मी, दोघेही बंद. बोलायचं तरी काय?

मग एकदा खाली धावपळ ऐकू आली. नव्या संगणकातले शेरे गायब! नंबर जागेवर, नावं जागेवर, फक्त ते तीनशे बारा शेरे कुणीतरी पुसलेले. यंत्र बिचारं डॉक्टरांच्या नंबराप्रमाणे काटेकोर भिंगं कापत राहिलं, आणि जुनी गिऱ्हाइकं डोकं धरून परत यायला लागली. शाळेच्या बसचा ड्रायव्हर तर म्हणाला, "ताई, मला फाटक दोन-दोन दिसतंय. कुठल्यातून गाडी घालू?"

मालकिणीच्या मते पासवर्ड फक्त दोघींना माहीत, त्या स्वतः आणि काउंटरवरच्या मावशी. त्यामुळे बोट मावशींकडे वळलं. वीस वर्षांची नोकरी! मालकीण म्हणाल्या, "महिनाअखेरीपर्यंत काय ते खरं सांगा. नाहीतर दुसरी माणसं बघावी लागतील." काउंटरची काच त्या दिवशी मावशींनी चार वेळा पुसली.

तेव्हा तपासवाल्या बाई आल्या. संगणकात घुसणाऱ्यांचा माग काढणं हे त्यांचं काम. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "काय काय गेलं?"

"शेरे," मालकीण म्हणाल्या. "पण चोर कोण ते सांगा ना!"

"सांगते. दुकानात शिरलेल्याने गल्ला सोडून नुसता आरसा नेला, तर आधी आरशाचा विचार करावा लागतो. यातून कुणाला काय मिळालं?"

बाईंनी मला माळ्यावरून उतरवलं, झटकलं. डॉक्टरांकडून नंबर यावेत म्हणून दुकानाच्या संगणकाला बाहेरून एक वाट होती. खरा संगणक त्यांनी दुसऱ्या कुलपाआड नेला आणि माझ्या पोटात खोटी गिऱ्हाइकं भरून त्या वाटेवर मला बसवलं. पासवर्ड जुनाच ठेवला. तो होता थोरल्या मालकांच्या चष्म्याचा नंबर, बारा वर्षं न बदललेला. ते ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला.

मग माझं आमिषाचं आयुष्य सुरू झालं. काय एकेक पाहुणे यायचे! काही माणसं नसायचीच. गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवत जाणारी यंत्रं. एकजण आला, त्याला मला फुकट राबवून घ्यायचं होतं. एकाने नुसतं 'मी येऊन गेलो' असं लिहिलं आणि पसार झाला. बाई माझी नोंद बघून म्हणायच्या, "हा हावरा. ह्याला मिरवायचंय. आपला माणूस अजून आला नाही."

मी विचार करायचो, इतके लोक येतात, पण 'कसा आहेस' म्हणणारा एक नाही.

मग एक पाहुणा आला. दुपारी बरोबर दीड वाजता, दुकान जेवायला बंद असताना. घाई नाही, मोडतोड नाही. एक खोटं गिऱ्हाईक उघडलं, थांबला, वाचलं, बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दीड. मला ती चाल ओळखीची वाटली. पहिल्या बटणाआधी असलेला तो थोडा वेळ, हात पुसण्याएवढा.

मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. कारण मी जे पाहतो ते लिहिलं जातं. लपवणं माझ्या हातात नाही. ज्याची वाट बघायची, त्याचीच चहाडी करायची. आमिषाचा धर्म हा असा.

अकराव्या दिवशी बाईंनी माझी नोंद छापून टेबलावर ठेवली. "याने काही नेलं नाही. उलट चाळीस नंबर बदललेत. का, ते मला कळत नाही."

मावशींनी कागद उचलला. "अहो, बदललेत कुठे? फिरवलेत. तुम्ही उजवा आधी लिहिला होता, याने डावा आधी केलाय. जगात असं फक्त आपल्या दुकानात लिहितात."

"म्हणजे घरचंच कुणीतरी," मालकीण म्हणाल्या आणि मावशींकडे बघितलं.

"बघा, बघा! रोज दीड वाजता तुमच्यासमोर डबा उघडून बसते ती कोण? माझी जुळी बहीण?"

तपासवाल्या बाईंना हसू आवरेना. मालकीण मात्र कागदावरचा एक शेरा वाचत होत्या. एका खोट्या आजोबांच्या नंबराखाली पाहुण्याने लिहिलं होतं, 'हे भिंग दिलंत तर जिना उतरताना पाय चुकेल.'

"काका," त्या हळूच म्हणाल्या. "अहो, पण काकांना बाहेरून शिरता येईल असं माझ्या मनातही आलं नाही."

"म्हणून तर शिरता आलं," बाई म्हणाल्या. "तक्रार करायची तर करा, तुमचा हक्क आहे. पण त्या माणसाला काय दुखलंय ते कळल्याशिवाय कुलूप कुठे लावायचं तेच तुम्हाला कळणार नाही."

मालकीण आधी मावशींकडे वळल्या. "मावशी, चुकलं माझं."

"डबा तरी एकत्र खाल्लात, हे नशीब," मावशी म्हणाल्या आणि डोळे पुसायला उगाच चष्मा काढला.

मालकिणीचा निरोप गेला आणि काका दुसऱ्या दिवशी आले. त्यांची खुर्ची रिकामी करायला पार्सलं खाली ठेवावी लागली. ते खाली मान घालून म्हणाले, "माझी गरज नव्हती, मग माझे शेरे कशाला हवेत? म्हणून पुसले. ड्रायव्हरचं कळलं तेव्हापासून झोप नाही. परत लिहायला आलो, तर आत हे भलतेच लोक."

"मला सरळ सांगायचं होतंत, काका," मालकीण म्हणाल्या.

"तू विचारायचं होतंस, पोरी."

मग मावशींनी खरा संगणक उघडला. काकांना एकूण एक शेरा पाठ होता. सुरुवात ड्रायव्हरपासून झाली, डावा डोळा आधी. परत कामावर यायला मात्र काका नाही म्हणाले. "हात कापतो आता." उरलेले शेरे ते रोज फोनवरून सांगायला लागले.

माझ्याकडे ते आणखी एकदाच आले. दीड वाजता. एक खोटं गिऱ्हाईक उघडून शेऱ्यात लिहिलं, 'सगळे खोटे आहेत हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. मशीन मात्र आपलं जुनंच वाटलं. म्हणून येत राहिलो.'

त्यानंतर कुणी आपलं आलं नाही. कड्या हलवणारे येतात, मिरवणारे येतात; मी नोंद करतो. बाईंनी तो शेरा पुसला नाही. एवढंच एक खरं आहे माझ्याकडे.

तुमच्याही दाराशी कधी कुणी आलं, तर कुलूप जरूर लावा. पण तो का आला, तेही विचारा. मला विचारता येत नाही, नुसतं लिहिता येतं. आता जा तुम्ही. दीड वाजत आलाय, आणि ही वेळ मी अजून मोकळी ठेवतो.