चादरीला पहिलं पाणी

तांडापेठेतल्या विणकर बाबनरावांना कुणी काही शिकवायला गेलं की त्यांचा जबाब ठरलेला असे, "माहा बाप मागावर बसल्या बसल्या मेला. मले कोन शिकवते?" बाप खरोखरच मागावर बसल्या बसल्या गेला होता, त्यामुळे समोरच्याला पुढं बोलायला जागाच उरत नसे.

तर अशा माणसाने चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात शहराच्या सदर भागात एका वर्गात जाऊन बसावं, हे नवलच होतं. एका कचेरीने लहान धंदेवाल्यांसाठी पाच दिवसांचा वर्ग ठेवला होता. बोलावणं फक्त चौदा जणांना. नाव आलं होतं धाकट्या भावाचं, मनोहरचं, कारण अर्ज त्यानं भरला होता. चिठ्ठी वाचून झाली आणि बाबनराव म्हणाले, "थोरला घरात असून धाकटा जाऊन बसंन, तं लोकं काय म्हणतीन?" मनोहरनं वाद घातला नाही. त्या घरात थोरल्याशी कुणी वाद घालत नसे. ती घराची शिस्त होती आणि, खरं सांगायचं तर, घराचा रोगही तोच होता.

वर्गाची गरज का पडली, तेही सांगतो. गिरणीच्या पातळांनी हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक ठेवलं नव्हतं. घरात माग दोन, काम एकापुरतंही नाही. मनोहरनं सायकलवर धंतोलीचे दवाखाने पालथे घातले आणि एका नव्या दवाखान्याकडून दोनशे चादरींची ऑर्डर आणली. पांढरी चादर, लाल काठ. चादरी त्या घरात कधी विणल्या नव्हत्या, म्हणून त्यानं वर्गाचा अर्ज भरला होता. चादरी पसंत पडल्या तर दरवर्षी तिथलंच काम. नाही पडल्या तर मनोहरनं मागावरून उठायचं आणि खापरखेड्याच्या वीज कारखान्यात कोळसा उपसायला जायचं, मेव्हण्यानं तिथं शब्द टाकून ठेवला होता. कोळशाच्या नुसत्या नावानं मनोहरला ठसका लागे. त्याचा जीव मागात होता. बाबनरावांचा जीव मनोहरमध्ये होता, पण हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही, मनोहरला तर नाहीच.

वर्ग म्हणजे दुकानावरची एक खोली, चौदा खुर्च्या आणि देशकर नावाचे सर. मोठी सभा असती तर बाबनराव मागच्या रांगेत डुलक्या घेऊन परत आले असते. इथं मागची रांगच नव्हती. सगळे गोल करून बसलेले, सर प्रत्येकाचं नाव घेऊन विचारायचे. शेजारी पापडवाल्या सिंधूताई होत्या, पलीकडं एक कुलपं दुरुस्त करणारा. पहिल्या दिवशी बाबनराव गप्प बसले. दुसऱ्या दिवशी कुलूपवाल्याला त्याच्या दुकानाच्या पाटीवरून चार शब्द सुनावून आले. घरी येऊन जेवताना म्हणाले, "मानसं बरे हायेत गा." मनोहर खूश झाला.

तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपला माल आणायचा होता. बाबनरावांनी नमुन्याची चादर नेली. कडक खळ, सरळ काठ, हात फिरवावा अशी. सरांनी ती टेबलावर उलगडली, वाखाणली आणि विचारलं, "ही दवाखान्यात गेल्यावर हिचं काय होणार?"

"काय होनार? पेशंट झोपनार," बाबनराव म्हणाले.

"अन् मंग धोबी सोड्यात उकळवीन," सिंधूताई म्हणाल्या.

"बरोबर. मग आपणच आधी पाहू," असं म्हणून सरांनी कोपऱ्यात तयार ठेवलेली गरम पाण्याची बादली ओढली आणि चादर तिच्यात सोडली.

आता इथं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाबनरावांच्या घरात कोऱ्या कापडाला विणकरानं पाणी लावायचं नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम होता. पहिलं पाणी घेणाऱ्याच्या हातचं. विणणाऱ्यानंच कापड भिजवलं तर माग रुसतो, असं त्यांची आजी सांगायची. त्यामुळे आपलं कापड धुतल्यावर कसं दिसतं, हे त्या घरात कुणी विकण्याआधी पाहिलेलंच नव्हतं. लुगडं हातभर आटलं तरी नऊवारीत ते नेसण्यात जिरून जाई, कुणी तक्रार घेऊन येत नसे. चादरीचं तसं नव्हतं.

बाबनराव ताडकन उठले. "कोऱ्या कापडाले पानी लावता? माह्या कापडाले?" त्यांनी बादलीत हात घालून चादर ओढली आणि तशीच टपटपत बगलेत मारून जिना उतरले. सर मागून हाका मारत राहिले. चौथ्या, पाचव्या दिवशी ते गेले नाहीत. मनोहरनं विचारलं तर म्हणाले, "सारी बकवास हाये. तू सूत आन."

पण चादर त्यांनी मागच्या अंगणात वाळत घातली होती, आणि वाळल्यावर ती त्यांनी पाहिली. लांबीला चांगली दीड वीत आटली होती. काठाचा लाल रंग पांढऱ्यात उतरला होता. बाबनराव पंधरा मिनिटं तिच्यासमोर उभे राहिले. मग घडी घालून पेटीच्या तळाशी टाकली. भावासमोर कुठल्या तोंडानं सांगायचं, की तुझ्या जागी मी गेलो, शिकायचं तेवढं सोडून आलो आणि चादर चुकीची आहे? उद्या सांगू म्हणाले. उद्याचा परवा झाला. मनोहर मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, लावून बसला होता, गात होता. आनंदात असलेल्या माणसाला सांगणं फार जड जातं. आणि एका चादरीवरून काय ठरतं, अशी त्यांनी स्वतःची समजूतही घातली. माणूस स्वतःला फसवायला लागला की त्याला कुणाच्या मदतीची गरज पडत नाही.

दोनशे चादरी गेल्या. महिन्याभरात दवाखान्याच्या हातगाडीवरून परत आल्या. गादीच्या दोन्ही टोकांना पुरत नव्हत्या आणि पेशंटच्या अंगाखाली गुलाबी डाग पडलेले. मनोहर एकेक चादर उलगडून पाहत होता आणि दर वेळी म्हणत होता, "असं कसं झालं दादा? काहून झालं असंन?" बाबनराव म्हणाले, "सूतच खराब निंगालं."

चादरी परत आल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी सिंधूताई आल्या. वर्ग संपला तरी ते तेरा जण महिन्यातून एकदा एकमेकांकडं जमत, अडचणी सांगत. चादरींची बातमी त्यांच्या कानावर गेली होती.

"बाबनभाऊ, काहून केलं असं?" त्या ओसरीवर बसत म्हणाल्या. "चवथा दिवस साराच्या सारा तुमच्या चादरीवर गेला. बादलीत उतरलेला लाल रंग पाहून सरांनी फळ्यावर काढून दाखवलं, असं कापड किती आटते ते, ताणा दीड वीत लांब ठेवा, लाल सूत इनाच्या आधी तीन पान्यातून काढा. मी तुमच्यासाठी लिहून घेतलं होतं. कागद घेऊन दारापोतर आली होती."

मनोहर माजघराच्या दारात उभा होता. "कधी आल्या होत्या?"

"वर्ग संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी. तुम्ही सूत आनाले गेले होते. भाऊ म्हनाले, मले सारं मालूम हाये, कागद वापस न्या. मले वाटलं, सांगितलं असंन तुम्हाले."

 सिंधूताईंना आपण काय बोलून बसलो ते उशिरा कळलं. त्या पदर सावरत उठल्या आणि गेल्या.

मनोहरला ओरडता आलं असतं. बाबनरावांना तेच हवं होतं, ओरडला असता तर त्यांनाही दोन शब्द बोलता आले असते. तो आत गेला. बायकोला, कौसल्याला, म्हणाला, "माहे दोन कपडे काढून दे वं." मग ताण्यावरचं उरलेलं सूत त्यानं कापून गुंडाळलं आणि माग झाकला.

"कुठं चालला गा?" बाबनरावांनी विचारलं.

"खापरखेड्याले."

"एका ऑर्डरनं काय होते? पुन्हा आनू. आता तं चूक समजली आपल्याले."

"तुम्हाले समजली होती, दादा." मनोहर पिशवीचे बंद बांधत राहिला. "चुकीसाठी नाही चाललो मी. तिथं काही बिघडलं तं भोंगा वाजते. साऱ्याइले एकाच वक्ताले मालूम होते. आपल्या घरात दोन महिने कोनी आवाज केला नाही, अन् मी इथंच बसून इनून राहिलो होतो."

तो वाकून भावाच्या पाया पडला, नेहमीसारखाच. बाबनरावांचा हात त्याच्या डोक्यावर गेला. माहं चुकलं, हे दोन शब्द त्यांच्या घशापर्यंत आले. आयुष्यात कधी बोललेले नव्हते, त्यामुळे तोंडातून कसे काढायचे तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"भाकर बांधून ने," ते म्हणाले.

मनोहरनं मान हलवली आणि भाकर न घेताच निघाला.